बासष्ट ठिपके आणि एक पिवळा बाण

१

डोळे मिटा आणि माझ्याबरोबर एक कल्पना करा. एक अंधारी खोली आहे. खोलीत मधोमध काहीतरी टांगलेलं आहे. ते दिसत नाही आणि त्याला हात लावायची परवानगीही नाही. तुमच्या खिशात मात्र मूठभर वाटाणे आहेत. काय कराल? अर्थात, फेकाल! बरेचसे वाटाणे सरळ निघून जातील, काही त्या वस्तूला घासून जरासे वळतील आणि एखादाच टणकन उलटा येईल. कोणता वाटाणा कुठे पडला ते नीट टिपून ठेवलंत, तर ती वस्तू न बघताच तुम्ही तिचं चित्र काढू शकाल.

आता वाटाण्यांच्या जागी इलेक्ट्रॉन घ्या आणि टांगलेल्या वस्तूच्या जागी अणूचं केंद्र. खोलीच्या जागी हातभर जाड भिंतींचं दालन. तिथे विखुरलेले इलेक्ट्रॉन पकडून, घराएवढ्या चुंबकांमधून वळवून मोजणारं एक यंत्र असतं. त्याला स्पेक्ट्रोमीटर म्हणतात. खरे इलेक्ट्रॉन सोडण्याआधी शहाणी माणसं हाच खेळ कॉम्प्युटरमध्ये खोट्या इलेक्ट्रॉनांनी खेळून बघतात, म्हणजे खरे कुठे पडायला हवेत ते आधीच कळतं.

आपल्या गोष्टीतल्या आईने हा खोटा खेळ मांडणारं सॉफ्टवेअर लिहिलं होतं. त्याला अकरा वर्षं झाली होती आणि तिची मुलगीही अकरा वर्षांची होती. आई म्हणायची, "मला जुळंच झालं. एक बोलतं, एक बोलत नाही. न बोलणारं शहाणं आहे."

बोलणाऱ्या जुळ्याला मामाने पाचर हे नाव ठेवलं होतं. दोन मोठी माणसं बोलत असली की ही मध्ये प्रश्न ठोकणारच, म्हणून पाचर. शाळेला सुट्टी होती, त्यामुळे ती रोज आईबरोबर संस्थेत येऊन आईच्या टेबलाखाली पाय पसरून चित्रं रंगवत बसायची.

आता डोळे उघडा. गुरुवारची सकाळ आहे, अकरा वाजलेत, आणि आईच्या टेबलावर तीन कागद पडलेत.

पहिल्या दोन कागदांवर ठिपक्यांची चित्रं होती. स्पेक्ट्रोमीटरच्या तोंडाशी एक जाड धातूची जाळी बसवतात. तिला नऊ ओळी, प्रत्येक ओळीत सात भोकं. त्यांतलं डाव्या कोपऱ्यातलं सगळ्यात वरचं भोक मुद्दाम बुजवलेलं असतं, खुणेसाठी. इलेक्ट्रॉन भोकांमधून जातात आणि पलीकडे बासष्ट ठिपके उमटतात. आईच्या कॉम्प्युटरने काढलेल्या चित्रात वरचा डावा ठिपका गायब होता. बरोबरच होतं. पण खऱ्या इलेक्ट्रॉनांनी काढलेल्या चित्रात डावा कोपरा भरलेला होता आणि वरचा उजवा ठिपका गायब होता! एरवी दोन्ही चित्रं सारखी. दोन्हींत डावीकडे ठिपके काळेभोर आणि उजवीकडे जावं तसे फिकट होत गेलेले.

रविवारपासून हे असंच चाललं होतं. ही दोन चित्रं जुळेपर्यंत पुढचं एकही माप खरं धरता येत नाही, त्यामुळे चार दिवसांचा प्रयोग पाण्यात गेला होता.

तिसरा कागद जाड, गुळगुळीत, संस्थेचं नाव छापलेला. त्यावर लिहिलं होतं: 'माझ्या प्रोग्रॅममधील चुकीमुळे प्रयोगाचे चार दिवस वाया गेले, हे मी मान्य करते.' खाली उजव्या कोपऱ्यात सहीसाठी एक रेघ होती.

मोठे साहेब टेबलाशी उभे होते. संस्थेचे प्रमुख. कधीकाळी ते कॉलेजात शिकवायचे आणि अजूनही एका माणसाशी बोलताना शंभर जणांचा वर्ग समोर असल्यासारखे बोलायचे.

"मॅडम, एक उणे चिन्ह चुकलंय तुमचं. डावं-उजवं उलटं झालं. माणसाच्या हातून होतं असं. चिन्ह बदला, सही करा, विषय संपला."

"सर, तीन दिवस मी एकेक ओळ तपासली. चिन्ह बरोबर आहे."

"मग काय जाळी उलटी झाली?" साहेब हसले. "शनिवारी मी स्वतः पाहिली आहे ती, या डोळ्यांनी. आणि दालन उघडायचं तर सगळी यंत्रणा थांबवा, अख्खा दिवस घालवा. तुमच्या हट्टापायी? चार वाजेपर्यंत सही करा. नाहीतर सोमवारपासून येऊ नका."

पाचर टेबलाखालून बाहेर आली. "पण चूक नसेल तर?"

"चूक आहे, बेटा."

"तुम्हाला कसं माहीत?"

"पाचर!" आई म्हणाली. पण मग तिने तो गुळगुळीत कागद उचलून साहेबांच्या दिशेने सरकवला. "सर, केलेली चूक मी फळ्यावर लिहून सगळ्यांना दाखवेन. न केलेल्या चुकीखाली माझं नाव येणार नाही."

साहेबांनी कागद तिथेच ठेवला आणि घड्याळावर बोट टेकवलं. "चार."

२

साहेब गेल्यावर आई पुन्हा पडद्याकडे वळली. पहिल्या ओळीपासून. चौथ्यांदा.

"आई, तू तुझीच चूक का शोधतेयस?"

"कारण दुसऱ्याकडे बोट दाखवायच्या आधी आपलं घर झाडून घ्यावं."

"तीन दिवस झाडतेयस. फरशी झिजेल आता."

आई हसली नाही. पाचरने आपली वही घेतली आणि बाहेर पडली. तिने मनाशी हिशेब मांडला. डावं-उजवं उलटं करू शकणारी माणसं किती? खोटं चित्र आई काढते. खरं चित्र ताई काढते. आणि जाळी मिस्त्रीकाका बसवतात. तीन माणसं. आई तर तपासून झाली होती.

ताई म्हणजे पीएच.डी. करणारी मुलगी, सगळा दिवस मोजणीच्या खोलीत पडद्यांपुढे. पाचरला बघताच तिने खुर्ची सरकवली, पण नजरेला नजर दिली नाही.

"ताई, तुझ्या प्रोग्रॅमने चित्र उलटं काढलं असेल का?"

"आईने पाठवलंय का तुला?"

"नाही. माझं मीच आलेय."

ताईने मान खाली घातली. "मलाही तीच भीती वाटली होती, म्हणून मी तपासलं. मला काही सापडलं नाही. मी पुढेही बघणार होते, पण सर म्हणाले, तू यात पडू नकोस, आपला अभ्यास सांभाळ." ती हळूच म्हणाली, "माझ्या प्रबंधावर त्यांची सही लागते गं."

पाचरच्या मनात आलं, या इमारतीत सगळ्यांचं घोडं सहीपाशीच अडतं.

"मग ही चित्रं तू कशी बघतेस? म्हणजे नक्की काय बघतेस?"

"ठिपका कुठे पडला ते. बस. जाळीच्या चित्रात आम्ही बाकी काहीच बघत नाही. जागा जुळली की पुढे जायचं. सगळे असंच करतात."

पाचरने वहीत लिहिलं: 'फक्त जागा बघतात.' हे आपण का लिहिलं ते तिला सांगता आलं नसतं.

वर्कशॉपकडे जाणाऱ्या लांब बोळात एक बाक होता आणि समोर सूचनाफलक. पाचर बाकावर टेकली. फलकावर शनिवारी आलेल्या पाहुण्यांचे फोटो लावले होते. एका फोटोत साहेब शिडीवर उभे होते. त्यांनी जाळी खाचेत अर्धी सोडली होती आणि गॅलरीतल्या पाहुण्यांकडे बघून ते हसत होते. जाळीवरचा पिवळा बाण फोटोत चांगला ठसठशीत दिसत होता. खाली लिहिलं होतं: 'गॅलरीतून टिपलेला क्षण.'

म्हणजे साहेबांनी खरंच जाळी पाहिली होती. खोटं बोलत नव्हते ते. पाचरला वाईट वाटलं. चोर पकडायला निघावं आणि सगळेच साव निघावेत, तसं झालं.

आता उरले मिस्त्रीकाका. आणि ते तर तिला सगळ्यांत जास्त आवडायचे.

३

मिस्त्रीकाका कानशीने काहीतरी घासत होते. पाचरने प्रश्न विचारला आणि कानस थांबली.

"मी? उलटी बसवली?" काकांच्या मिशा फेंदारल्या. "पोरी, वीस वर्षं बसवतोय. एकदा जरी उलटी बसवली असेल ना, तर ही मिशी काढून तुझ्या हातात देईन. बाहुलीला लाव."

"पण काका, ती उलटी बसू शकते का?"

काकांनी कानस खाली ठेवली. मग खरं बोलणाऱ्या माणसासारखे, थोडे नाइलाजाने म्हणाले, "बसते. हाच तर वैताग आहे! पुढची बाजू मागे केली तरी खाचेत तश्शीच गुळगुळीत उतरते. किती वर्षं सांगतोय, एक कोपरा कापा आणि खाचेला तसाच कोपरा ठेवा. मग लहान पोराला दिली तरी उलटी जाणार नाही. पण मिस्त्रीचं कोण ऐकतं? म्हणून मीच पुढच्या बाजूला पिवळा बाण रंगवला. बाण कायम जिकडून इलेक्ट्रॉन येतात तिकडे. मी गेल्या गुरुवारी बसवली तेव्हा बाण तिकडेच होता."

"आणि दुसऱ्या बाजूला काय असतं?"

"काही नाही. दुसऱ्या बाजूला लोखंडी जिना आणि पाहुण्यांची गॅलरी. तिकडून बघितलं तर नुसती काळी पाठ दिसते."

पाचरच्या डोक्यात काहीतरी खुट् झालं, उंदराने कपाटात करावं तसं. पण नेमकं काय, ते हाती लागेना. तेवढ्यात भिंतीवरच्या घड्याळाकडे तिचं लक्ष गेलं. अडीच वाजले होते.

"काका, मी तुमच्यावर संशय घेतला. राग आला?"

"आला." काकांनी कानस उचलली. "पण तोंडावर विचारलंस. पाठीमागे कुजबुजणारे पुष्कळ आहेत. जा, पळ."

४

आई तशीच बसली होती. पाचर टेबलाखाली शिरली. विचार सुचत नसला की ती रंगवायची. तिने दोन्ही चित्रांच्या प्रती घेतल्या आणि गडद ठिपके लाल, मधले नारिंगी, फिकट पिवळे, असे रंगवू लागली. एक चित्र झालं, दुसरं झालं. दोन्ही शेजारी ठेवली.

दोन्हींत लाल डावीकडे होता.

"आई, डावीकडचे ठिपके जास्त गडद का असतात?"

"हं? डावीकडून इलेक्ट्रॉनांचा मुख्य झोत सरळ जातो. बहुतेक इलेक्ट्रॉन थोडेसेच वळतात, म्हणून झोताजवळ गर्दी. लांब वळणारे कमी."

"कायम?"

"कायम. तो निसर्गाचा नियम आहे, साहेबांच्या परवानगीचा प्रश्न नाही."

"मग तुझ्या प्रोग्रॅममध्ये डावं-उजवं उलटं झालं असतं, तर गर्दीपण उलटी झाली असती ना? सगळंच आरशात गेलं असतं. इथे फक्त बुजवलेलं भोकच इकडून तिकडे गेलंय."

टेबलावरचा टकटकाट थांबला. आई खाली वाकली आणि टेबलाखाली मुलीच्या शेजारी जमिनीवरच बसली. तिने दोन्ही रंगीत चित्रं हातात घेतली. एकेका ठिपक्यावरून तिने बोट फिरवलं.

"तीन दिवस," ती शेवटी म्हणाली. "तीन दिवस माझ्या डोळ्यांसमोर होतं हे. आम्ही फक्त जागा बघतो गं. दाट-विरळ बघायची सवयच नाही."

"आई, साहेब म्हणतात तसं चिन्ह बदलून बघ ना. फक्त बघ."

आईने चिन्ह बदललं आणि दहा लाख खोटे इलेक्ट्रॉन सोडले. दोघी श्वास रोखून बघत राहिल्या. पडद्यावर ठिपके उमटले. गायब ठिपका उजवीकडे गेला, साहेबांना हवा तसा. आणि गडद ठिपक्यांची गर्दीही उठून उजवीकडे जाऊन बसली. खऱ्या चित्रात तर ती डावीकडे होती!

"म्हणजे प्रोग्रॅम बरोबर आहे," आई पुटपुटली. "ताईचाही. जाळीच उलटी आहे."

"मग चल ना सांगायला!"

"आकडे मी त्यांना तीन दिवस दाखवतेय. ते बघतच नाहीत." आईने चिन्ह पुन्हा पहिल्यासारखं केलं. "डोळ्यांना दिसेल असं काहीतरी हवं."

पाचरने इकडेतिकडे बघितलं. तिला जाड, न वाकणारा कागद हवा होता. टेबलावर एकच तसा होता. तिने तो उचलला आणि आईकडे बघितलं.

"हा घेऊ? भोकं पाडायला?"

आईने माफीच्या पत्राकडे बघितलं. मग घड्याळाकडे. सव्वातीन झाले होते. सही केली की नोकरी शाबूत. हा कागद गेला की परतीची वाट बंद.

"घे," आई म्हणाली. "सगळी ओळीत पाड. आणि वरचं डावं सोड."

५

चारला पाच कमी असताना साहेबांसमोर चौघं जमली. पाचरने ताईला आणि मिस्त्रीकाकांनाही बोलावून आणलं होतं. ताई दारापाशी घुटमळली आणि मग सरळ आत आली. साहेबांनी कागदासाठी हात पुढे केला. पाचरने तो त्यांच्या समोर धरला. बासष्ट भोकांमधून साहेबांचा कोट दिसत होता.

"हे काय? हे संस्थेचं पत्र आहे!"

"आता जाळी आहे," पाचर म्हणाली. "काका, पडदे ओढता? आई, तू टॉर्च धर. थोडी डावीकडे."

साहेब काहीतरी बोलणार होते, पण मुळात ते मास्तर होते आणि समोर एक मुलगी काहीतरी दाखवत होती. सवयीने ते गप्प बसले.

"टॉर्च म्हणजे इलेक्ट्रॉन. छापलेली बाजू म्हणजे जाळीची पुढची बाजू, ती टॉर्चकडे. आता टॉर्चच्या मागून बघा." भिंतीवर बासष्ट ठिपके उमटले. वरचा डावा गायब. डावीकडचे लख्ख, उजवीकडचे मंद. "हे आईचं चित्र. आता टॉर्च हलवायची नाही. कागद फक्त फिरवते, पाठ पुढे." तिने कागद पानासारखा उलटला. गायब ठिपका टुणकन उजवीकडे गेला. लख्ख ठिपके मात्र डावीकडेच राहिले. "आणि हे ताईचं. आईने चिन्ह चुकवलं असतं, तर उजेडपण उजवीकडे गेला असता."



"बरोबर आहे, सर," ताई म्हणाली. आवाज बारीक होता, पण स्पष्ट होता. "मी आत्ताच चारही दिवसांची मोजणी काढून बघितली. गर्दी कायम डावीकडेच आहे."

साहेबांनी स्वतः टॉर्च घेतली, कागद घेतला, दोनदा फिरवून बघितला. मग सावकाश म्हणाले, "पटलं. जाळी उलटी आहे. मॅडम, तुमचं पत्र रद्द." ते मिस्त्रीकाकांकडे वळले. "मिस्त्री, आता सही तुम्ही करायची."

काकांचा चेहरा पडला. आई एक पाऊल पुढे आली.

"सर, माझ्या गळ्यातून फास सुटला म्हणून तो यांच्या गळ्यात अडकवू देणार नाही मी. गेल्या गुरुवारी बसवली तेव्हा बाण बरोबर होता, असं ते म्हणतात."

"मग त्यानंतर जाळीला हात कोणी लावला? भुताने?"

आणि पाचरच्या डोक्यातला उंदीर कपाटातून बाहेर आला.

"काका, बाण गॅलरीतून कधीच दिसत नाही ना?"

"कधीच नाही."

पाचर धावत बोळात गेली, फलकावरचा फोटो टाचणीसकट काढला आणि धापा टाकत परत आली. फोटो तिने साहेबांच्या टेबलावर ठेवला. शिडी. खाचेत अर्धी उतरलेली जाळी. साहेबांचं हसू. आणि गॅलरीच्या बाजूला, कॅमेऱ्याकडे तोंड करून, पिवळा बाण.

"तुम्ही पाहुण्यांना दाखवायला बाहेर काढली होती," ती म्हणाली. आता तिचा आवाजही बारीक झाला होता, पण ती थांबली नाही. "आणि परत ठेवताना बाण पाहुण्यांकडेच राहिला."

साहेब फोटोकडे बघत राहिले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. फोटो तोच होता.

"तीस वर्षं शिकवलं," ते म्हणाले, आता वर्गाशी नाही, स्वतःशीच. "शिकवताना वस्तूची दर्शनी बाजू कायम मुलांकडे ठेवायची. स्वतःकडे कधी वळवायची नाही. हात आपोआप..." वाक्य अर्धंच राहिलं. मग त्यांनी फोन उचलला. "झोत बंद करा. दालन उघडायचंय."

दोन तासांनी, आत जायला हरकत नाही असं किरणोत्सार मोजणाऱ्या यंत्रांनी सांगितल्यावर, ताई आणि काका आत जाऊन आले. पिवळा बाण गॅलरीकडे तोंड करून उभा होता. काकांनी मिशीवरून हात फिरवला. बाहुलीला ती आता मिळणार नव्हती.

साहेब आईपुढे उभे राहिले. माफी मागायची त्यांना सवय नव्हती. शब्द अडखळले, पण आले, आणि सगळ्यांच्या देखत आले. मग त्यांनी पाचरपुढे हात केला. "ते पत्र दे, बेटा. फाडून टाकतो."

"फाडू नका. थांबा."

तिने काकांच्या खिशातून डोकावणारी पत्रा कापायची कात्री मागून घेतली. भोकं पडलेला कागद टेबलावर सरळ ठेवला आणि खालचा उजवा कोपरा तिरका, एका दमात कापून टाकला. सहीची रेघ त्या कोपऱ्याबरोबर निघून गेली.

"काका, हा नमुना घ्या," तिने उरलेला कागद मिस्त्रीकाकांच्या हातात ठेवला. "असा कोपरा कापा. आता कोणाच्याही हातून उलटी बसणार नाही. साहेबांच्यासुद्धा."

मग तिने तो त्रिकोणी तुकडा उचलला आणि जपून आपल्या कंपासपेटीत ठेवून दिला.